ही धडक निलंबनास पात्र आहे का? आइस हॉकीतील वाद नीट घालण्याची रीत

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीची व्यावसायिक स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगच्या सामन्यात एखादा खेळाडू जोरदार धडकेने बर्फावर आडवा झाला की पुढच्या काही मिनिटांत प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो की अशा माणसाला हंगामभर घरी बसवा, आणि दुसरा म्हणतो की हा खेळच अंगावर जाण्याचा आहे, ज्याला सोसत नसेल त्याने तो पाहू नये. दोघेही तावातावाने बोलतात, पण बहुतेक वेळा ते एकाच प्रश्नावर बोलत नसतात. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या एका टोकाला एखाद्याची कारकीर्द आणि डोक्याची इजा असते, तर दुसऱ्या टोकाला त्या खेळाडूवरचा न्याय असतो, ज्याने कदाचित नियमात राहूनच धडक दिली होती. म्हणून तो क्रमाने आणि पुराव्याने घातला जावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करून टाकावी. धडक जोरदार होती एवढ्याने ती गुन्हा ठरत नाही. ज्याच्याजवळ पक, म्हणजे खेळातील रबरी चकती, आहे त्याला अंगाने, खांद्याने किंवा कमरेने धडकून पकपासून दूर करणे या खेळात वैध आहे, आणि ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणारी दोन माणसे समोरासमोर आली तर नियमातील धडकही भीषण दिसते. त्यामुळे आवाज, शिरस्त्राण उडणे, प्रेक्षकांचा श्वास रोखला जाणे यांपैकी काहीही पुरावा म्हणून पुढे आणू नये.

त्यानंतर प्रश्नांचा क्रम ठरवावा. पहिला प्रश्न असा की कोणता नियम मोडला गेला. दुसरा असा की तो भंग सामन्यात मिळणाऱ्या पेनल्टीने, म्हणजे काही मिनिटे खेळाबाहेर बसण्याच्या शिक्षेने, भागण्यासारखा होता की त्यापलीकडचा. आणि तिसरा असा की बंदी घालायचीच असेल तर ती किती सामन्यांची असावी. समोरच्याला झालेली इजा आणि धडकणाऱ्याचा पूर्वेतिहास यांची जागा तिसऱ्या प्रश्नात आहे. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक वाद बिघडतात ते येथेच, कारण तिसऱ्या प्रश्नाची सामग्री पहिल्या प्रश्नावर ओतली जाते: ‘तो स्ट्रेचरवरून गेला, म्हणजे धडक अवैध होती’, किंवा ‘हा तर नेहमीचाच आहे, म्हणजे यंदाही दोषी’.

आधी नियमाचे नाव घ्या

‘घाणेरडी धडक’ हा आरोप नव्हे, ती भावना आहे. आरोप करायचा तर नियमाचे नाव घ्यावे लागते. लीगच्या नियमावलीत यासाठी मुख्यतः पाच कलमे उपयोगी पडतात. कलम ४१ असहाय स्थितीतील खेळाडूला रिंकभोवतीच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या, भिंतीवर धोकादायकरीत्या आदळण्याविषयी आहे, ज्याला बोर्डिंग म्हणतात. कलम ४२, म्हणजे चार्जिंग, दुरून वेग घेऊन किंवा उडी मारून केलेल्या हिंसक धडकेविषयी आहे. कलम ४३ पाठीमागून धडकण्याचे, कलम ४५ कोपर मारण्याचे आणि कलम ५६ इंटरफेरन्सचे, म्हणजे ज्याच्याजवळ पक नाही त्याला अडवण्याचे वा धडकण्याचे. मात्र सर्वाधिक वाद ज्याच्याभोवती होतो ते कलम ४८ आहे, म्हणजे डोक्यावरील अवैध धडक, आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

हे कलम ज्या घटनेमुळे जन्माला आले ती ७ मार्च २०१० ची आहे. पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सॅव्हर्डला नजरेबाहेरच्या बाजूने येऊन खांद्याने डोक्यावर धडक दिली. त्या दिवशीच्या नियमांत खांद्याने डोक्याला लागणे हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता, म्हणून कुकवर ना पेनल्टी झाली ना बंदी. लीगने त्याच महिन्यात अशा आंधळ्या बाजूच्या धडकांवर कारवाईची तरतूद केली आणि पुढच्या हंगामात कलम ४८ आले. सॅव्हर्ड परतला खरा, पण जानेवारी २०११ मध्ये पुन्हा एका धडकेने त्याच्या मेंदूला इजा झाली आणि त्यानंतर तो लीगचा सामना खेळू शकला नाही. डोक्यावरील धडकेचा वाद घालताना हे नाव मनात असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता कलमाची आजची कसोटी पाहावी. डोक्याला स्पर्श झाला एवढे पुरत नाही. डोके हे धडकेचे मुख्य संपर्कस्थान होते का, आणि तो संपर्क टाळता येण्याजोगा होता का, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. टाळता आला असता का हे ठरवताना तीन बाबी पाहिल्या जातात. धडकणाऱ्याने समोरच्याच्या शरीरातून सरळ जाण्याचा प्रयत्न केला होता की केवळ डोके टिपले; समोरच्याने आधीच अशी वाकलेली स्थिती घेतली होती का की अन्यथा वैध असलेल्या धडकेतही डोके लागणारच होते; आणि धडकेच्या अगदी क्षणी त्याने शरीराची किंवा डोक्याची स्थिती लक्षणीयरीत्या बदलली का. वाद जर कलम ४८ वर असेल, तर या तीन बाबींखेरीज इतर बोलणे बहुतेक वेळा वाया जाते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. जुन्या धडकेचा दाखला देताना त्या दिवशीचा नियम सांगावा. न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने मे २००० मध्ये फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रोसला दिलेली धडक तेव्हा वैध होती. आज तशीच धडक झाली तर ती कलम ४८ च्या कसोटीवर तपासली जाईल. ‘स्टीव्हन्सला कधी बंदी घातली नाही, मग याला का?’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही, आणि स्टीव्हन्सला मागाहून गुन्हेगार ठरवणेही तितकेच चुकीचे आहे.

चित्रफीत कोणत्या क्रमाने पाहावी

सर्वांत आधी धडक पूर्ण वेगाने पाहावी, आणि तीही लांबच्या कॅमेऱ्यातून, ज्यात दोन्ही खेळाडू धडकेच्या दोन-तीन सेकंद आधीपासून दिसतात. निर्णय बहुधा त्या दोन-तीन सेकंदांतच दडलेला असतो. धडकणारा कोठून आला, त्याने पाय मारणे केव्हा थांबवले की शेवटपर्यंत वेग वाढवतच होता, त्याची काठी पककडे होती की दोन्ही हात वर आले होते, आणि समोरचा त्याला पाहू शकत होता का, हे लांबच्या दृश्यात कळते. जवळून घेतलेल्या दृश्यात फक्त आघात दिसतो.

मंद गतीचे चित्रण त्यानंतर आणि जपून वापरावे. ते काय आधी लागले हे पाहण्यासाठी उत्तम आहे, पण हेतू ओळखण्यासाठी धोकादायक आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे आढळले की तेच कृत्य मंद गतीत पाहणाऱ्यांना ते अधिक हेतुपुरस्सर वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. बर्फावर तो वेळ नव्हता. म्हणून ‘बघा, त्याने किती शांतपणे खांदा उचलला’ असे कोणी म्हणाले, तर तोच तुकडा पूर्ण वेगाने पुन्हा दाखवण्याची विनंती करावी.

मंद गतीत शोधायच्या गोष्टी मोजक्या आहेत. आघाताच्या पहिल्या क्षणी काय कशाला लागले: खांदा छातीला लागून मग डोके मागे गेले, की छाती चुकवून खांदा थेट हनुवटीला लागला? दोन्ही स्केट बर्फावर होते का? यावर पुष्कळ गोंधळ होतो, कारण जोराच्या आघातानंतर धडकणाऱ्याचे पाय उचलले जाणे स्वाभाविक आहे. दोष ठरतो तो आघाताआधी उसळी घेतली असेल तर. कोपराचेही तसेच आहे. धडकेनंतर कोपर वर जाणे वेगळे आणि कोपर पुढे करून धडकणे वेगळे.

धडक उशिरा झाली का, हे मात्र घड्याळानेच ठरवावे. पक सुटल्यानंतर लगेच दिलेली धडक नियमाला मान्य आहे, कारण निघालेला माणूस हवेत थांबू शकत नाही. जाणकारांच्या चर्चेत यासाठी साधारण अर्ध्या सेकंदाचे माप धरले जाते. २०११ च्या स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्याचे उदाहरण येथे नीट पाहण्यासारखे आहे. बोस्टनचा नेथन हॉर्टन प्रतिस्पर्ध्याच्या भागाची निळी रेषा ओलांडताना आपल्या डावीकडे पास देतो आणि त्याची नजर पासच्या मागे जाते. व्हँकूव्हरचा बचावपटू ॲरन रोम समोरून येऊन त्याला खांद्याने पाडतो. कोपर बाहेर काढलेले नाही, लांबून धावतही आलेला नाही, म्हणून नुसता आघाताचा क्षण पाहणाऱ्याला ही धडक एरवीसारखीच वाटू शकते. पण पास सुटल्यापासून आघातापर्यंत जवळजवळ एक सेकंद गेलेला आहे. रोमला इंटरफेरन्सची मेजर, म्हणजे पाच मिनिटांची, पेनल्टी आणि नंतर चार सामन्यांची बंदी मिळाली, म्हणजे त्याच्यापुरती मालिकाच संपली, आणि हॉर्टनही मेंदूच्या इजेमुळे मालिकेत परत खेळला नाही. ‘हॉर्टनने मान वर ठेवायला हवी होती’ हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. पण ज्याच्याजवळ पक नाही त्याने सतत धडकेची अपेक्षा ठेवावी, असे नियम सांगत नाही, आणि माझ्या मते लीगचा निर्णय बरोबर होता.

जबाबदारी कोणाची

‘त्यानेच पाठ फिरवली’ हे वाक्य भिंतीजवळच्या प्रत्येक धडकेनंतर ऐकू येते. ते फेटाळून लावू नये, तपासावे. बोर्डिंगच्या कलमात समोरचा असहाय स्थितीत नाही याची खात्री करून घेण्याची जबाबदारी धडकणाऱ्यावर टाकलेली आहे, पण समोरच्याने धडकेच्या अगदी आधी स्वतःला त्या स्थितीत आणले का, हेही पाहण्यास सांगितलेले आहे. त्यामुळे प्रश्न पाठ फिरली का हा नसून केव्हा फिरली हा आहे. धडकणाऱ्याला मागचा क्रमांक पुरेसा वेळ दिसत असेल, तर त्याला वेग आवरण्याची, बाजूने जाण्याची किंवा नुसते भिंतीशी दाबून धरण्याची संधी होती, आणि ती त्याने घेतली नाही हे त्याचे उत्तरदायित्व ठरते. शेवटच्या क्षणी पाठ फिरली असेल तर संशयाचा फायदा त्याला द्यावा.

पंचांनी शिट्टी वाजवली नाही, हा मुद्दा मात्र बाजूला ठेवावा. लीगला पंचांनी दखल न घेतलेल्या घटनेवरही कारवाई करता येते. मार्च २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या टॉम विल्सनने बोस्टनच्या ब्रँडन कार्लोला भिंतीजवळ दिलेल्या धडकेवर सामन्यात पेनल्टी झाली नव्हती, तरी नंतर बोर्डिंगसाठी सात सामन्यांची बंदी आली. उलटही घडते: सामन्यात पेनल्टी होते, पण पुढे बंदी येत नाही.

इजेचा पुरावा म्हणून वापर करू नका

या उलट घडण्याचे सर्वांत कठीण उदाहरण ८ मार्च २०११ चे आहे. मॉन्ट्रियलमध्ये बोस्टनच्या झ्देनो चाराने मॅक्स पॅसिओरेटीला भिंतीच्या कडेने दाबत नेले, आणि दोन संघांच्या बाकांमधील जागेत जेथे काच संपते तेथील खांबावर पॅसिओरेटीचे डोके आदळले. त्याच्या मानेचा मणका मोडला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. चाराला इंटरफेरन्सची मेजर पेनल्टी मिळून सामन्यातून बाहेर जावे लागले, पण लीगने पुढे बंदी घातली नाही. मॉन्ट्रियलमध्ये संताप उसळला आणि प्रकरण पोलिसांच्या चौकशीपर्यंत गेले, तरी खटला झाला नाही. पुढच्या हंगामात लीगने त्या जागी वक्र काच बसवली.

मी हे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण यात दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे बोलता येते. नियमभंग होता, तो पंचांनी दिलाही. मात्र खांब तेथे नसता तर तीच कृती नेहमीच्या इंटरफेरन्समध्ये जमा झाली असती. दुसरीकडे असे म्हणता येते की त्या रिंकवर अनेकदा खेळलेल्या खेळाडूला खांब कोठे आहे हे ठाऊक असते. माझा कल असा की दोन-तीन सामन्यांची बंदी समर्थनीय ठरली असती, पण ती अडवण्याच्या जागेसाठी आणि बेपर्वाईसाठी, मोडलेल्या मणक्यासाठी नव्हे. वक्र काच बसवली गेली, याचा अर्थच असा की आघाताच्या तीव्रतेतला मोठा वाटा त्या बांधकामाचा होता.

इजेला निर्णयात स्थानच नाही, असे मात्र नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील करारात बंदी ठरवताना विचारात घ्यायच्या बाबी दिलेल्या आहेत: कृतीचा प्रकार आणि ती हेतुपुरस्सर वा बेपर्वा होती का, समोरच्याला झालेली इजा, दोषी खेळाडूचा पूर्वेतिहास, आणि सामन्याची परिस्थिती. म्हणजे नियमभंग ठरल्यावर इजेमुळे बंदी वाढते, हे आजचे वास्तव आहे. मला यात खटकते ते हे की इजा झाली नाही म्हणून तितक्याच बेपर्वा धडकेला हलके सोडले जाते. समोरचा उठून उभा राहिला हे त्याचे नशीब असते, धडकणाऱ्याची काळजी नव्हे. शिवाय मेंदूची इजा त्याच रात्री दिसेलच असे नाही. वादात ही भूमिका मांडायची असेल तर ‘नियम असा असायला हवा’ असे स्पष्ट म्हणून मांडावी. आजचा नियम तसाच आहे असे भासवू नये.

पूर्वेतिहासाबाबत एक तांत्रिक बाब अनेकांना चकवते. २०१३ च्या करारात ‘पुनरपराधी’ ही संज्ञा मागील बंदीपासून अठरा महिन्यांपुरती लागू होते आणि तिचा उपयोग कापल्या जाणाऱ्या वेतनाच्या हिशेबासाठी होतो. अठरा महिने उलटले म्हणून जुनी प्रकरणे पुसली जात नाहीत. सामन्यांची संख्या ठरवताना ती पाहता येतात. सॅन होजेच्या रॅफी टोरेसला ऑक्टोबर २०१५ मध्ये ॲनाहाइमच्या याकोब सिल्फव्हर्बर्गच्या डोक्यावर दिलेल्या धडकेसाठी ४१ सामन्यांची, म्हणजे तेव्हाच्या ८२ सामन्यांच्या हंगामाच्या अर्ध्या हंगामाची बंदी झाली, ती केवळ त्या एका धडकेकडे पाहून समजत नाही. शिकागोच्या मारियन होसाला २०१२ मध्ये दिलेल्या धडकेबद्दल त्याला आधीच २५ सामन्यांची बंदी झाली होती, जी नंतर २१ वर आली, आणि त्याशिवायही त्याच्या नावावर जुनी प्रकरणे होती.

सामन्याची परिस्थिती ही बाब बहुतेक वेळा किरकोळ ठरते, पण कधी कधी तीच सर्व काही सांगते. जून २०२१ मध्ये सामना हातातून गेलेला असताना विनिपेगचा मार्क शायफली रिंकची जवळपास पूर्ण लांबी धावत आला आणि रिकाम्या गोलात पक ढकलणाऱ्या मॉन्ट्रियलच्या जेक एव्हन्सवर आदळला. पक अडवण्याचा प्रयत्न दिसला नाही. पूर्वी एकदाही बंदी नसलेल्या खेळाडूला चार सामने मिळाले, तेही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, जेथे एकेका सामन्याचे मोल नेहमीच्या हंगामापेक्षा जास्त धरले जाते.

आकडा सांगा आणि तो सिद्ध करा

‘कडक कारवाई व्हावी’ असे म्हणून थांबू नये. किती सामने, हे सांगितल्याशिवाय मत पूर्ण होत नाही, आणि आकडा सांगायची वेळ आली की आवाज आपोआप खाली येतो, असा माझा अनुभव आहे. यासाठी लीगच्या प्रक्रियेतून एक सोपा संकेत मिळतो. २०११ पासून हे काम न्यूयॉर्कमधील खेळाडू सुरक्षा विभाग पाहतो. फोनवरून सुनावणी झाली तर जास्तीत जास्त पाच सामन्यांची बंदी घालता येते. सहा किंवा अधिक सामन्यांचा विचार असेल तर खेळाडूला प्रत्यक्ष सुनावणी देऊ करावी लागते. त्यामुळे सुनावणीची बातमी येताच विभाग घटनेकडे कोणत्या नजरेने पाहत आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि आपला आकडा पाचाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी ठरवून त्याची कारणे द्यावीत.

कारणांसाठी विभागाच्याच जुन्या चित्रफिती पाहाव्यात. प्रत्येक बंदीसोबत विभाग एक स्पष्टीकरणाची चित्रफीत प्रसिद्ध करतो, ज्यात कलमाचे नाव, नेमका दोष, खेळाडूचा बचाव आणि तो का मान्य झाला नाही हे सांगितलेले असते. दाखला निवडताना नियम तोच असावा, इजा आणि पूर्वेतिहास जवळपास सारखे असावेत, आणि एकच सोयीचा दाखला न देता आपल्या मताविरुद्ध जाणाराही एक सोबत ठेवावा. आपल्या संघाच्या खेळाडूवर बंदीची वेळ आली असेल, तर नावे आणि जर्सी उलट करून तेच उत्तर येते का, हे स्वतःशी तपासून मगच बोलावे.

शेवटी, विभागाचा आकडा हा अंतिम शब्द नसतो, हे ध्यानात ठेवून वाद खुला ठेवावा. खेळाडूला लीगचे प्रमुख असलेल्या आयुक्तांकडे आणि बंदी सहा सामन्यांची वा अधिक असेल तर पुढे स्वतंत्र लवादाकडे दाद मागता येते. विल्सनला २०१८ मध्ये सेंट लुईसच्या ऑस्कर सुंडक्विस्टवरील धडकेसाठी २० सामन्यांची बंदी झाली होती; १०५ सामन्यांतील ते त्याचे चौथे निलंबन होते. आयुक्तांनी ती कायम ठेवली, पण लवाद श्याम दास यांनी नियमभंग मान्य करूनही ती १४ वर आणली, आणि तोवर विल्सन १६ सामने बाहेर बसला होता. याउलट कोलोराडोच्या नाझेम काद्रीची २०२१ मधील आठ सामन्यांची बंदी आयुक्तांनी आणि लवादाने दोघांनीही तशीच ठेवली. असा निर्णय आला की आपला आकडा पुन्हा तपासावा, आणि लवादाने नियमभंगाचा निष्कर्ष बदलला की केवळ सामन्यांची संख्या, हे वाचून पाहावे, कारण बंदी कमी झाली की पहिली बातमी ‘धडक निर्दोष ठरली’ अशीच पसरते.